नाण्यानं उघडणारं दार

परतूर, ९ जानेवारी २००६

आक्का,

अक्षर ओळखून पाकीट तसंच चुलीत घालशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी भेटायला येत नाहीये. "आलीस तर ऱ्हायला ये, नुसती भेटायला येऊन डोळे पुसत बसू नको," असं तू तोंडावर सांगितलंस, त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून बदनापूर स्टेशनावरून कितीदा तरी गाडीनं गेले, पण खिडकीतून तुझ्या गावाकडं पाहिलंसुद्धा नाही. मीही तुझीच बहीण आहे.

काम तुझ्याकडं नाही, तुझ्या पोराकडं, साहेबरावाकडं आहे. शेती संशोधन केंद्राच्या ऑफिसात तो इंग्रजी पत्रं टाइप करतो ना? त्यानं माझं एवढं इंग्रजी करून द्यावं.

गेल्या महिन्यात आम्ही जहाजावर जाऊन आलो. हसू नको. आमच्या दुकानातून कपाशीचं बियाणं सगळ्या तालुक्यात जास्त खपलं, म्हणून कंपनीनं यांना जोडप्यानं सिंगापूरला नेलं आणि तिथून पुढं जहाजावर. मराठवाड्यातले दुकानदार आणि त्यांच्या बायका. आपण धावडा गावच्या पोरी, विहिरीपेक्षा मोठं पाणी कुठं पाहिलेलं? जहाज म्हणजे जालन्याचा मोंढा बाजार मजल्यावर मजले चढवून पाण्यात सोडल्यासारखं होतं. आत लिफ्ट, आत बाजार, आत नाचगाणं. एसीच्या गारठ्यापायी नऊवारीवर स्वेटर आणि पायात बूट घालून आम्ही रांगेनं चाललो, तर लोक समुद्र सोडून आमचेच फोटो काढायला लागले.

शेवटच्या दिवशी टूरवाल्या बाईनं सगळ्यांना कागद वाटले. खोली आणि बाथरूम आणखी चांगली कशी होईल, ते प्रवाशांनी सुचवायचं. घरून पाठवलं तरी चालेल. ज्याची सूचना पसंत पडेल त्याला जोडप्यानं पुन्हा फुकट नेणार. हे म्हणाले, "तूच लिही. न्हाणीघराचं बाईमानसाला जास्त कळतं. बराबर लिहिजो, आपल्याला पुन्हा जायचंय."

तर मी लिहिल्यात. साहेबरावाला वाचून दाखव.

बेसिनचा कोपरा गोल करावा. बाई जरा वाकलेली असली की तो नेमका भुवईवर येतो. बाथरूमचा उंबरा वीतभर उंच आहे, तो कमी करावा, कारण आत जाणारा माणूस दर वेळी पुढं बघूनच जातो असं नाही, मागं सरकत सरकतही जातो. न्हाण्याच्या जागेला पडदा लावलाय, त्याऐवजी भिंतीत धरायला लोखंडी दांडी बसवावी. पडदा धरला तर कड्यांसकट सगळा हातात येतो. चादरी-टॉवेल पांढरेशुभ्र ठेवायची हौस कशाला? मरून रंगाचे घालावेत. सकाळी खोली झाडायला येणाऱ्याकडं मान वर करून बघता येत नाही. खोलीची भिंत जाड आहे, एवढी जाड कशाला? शेजाऱ्याचं शेजाऱ्याला थोडं ऐकू गेलं पाहिजे.

आणि बाथरूमच्या दाराचं कुलूप बदलावं. ते का, ते पुन्हा कधीतरी.

हे यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. यांना इंग्रजी येत नाही, तेव्हा इंग्रजीत झालं म्हणजे काळजी नाही. उत्तर खैरुनबीच्या पत्त्यावर पाठव. आमच्या भिंतीला भिंत लागून राहते, बांगड्या भरते, तीच. आमच्या पत्त्यावरचं पाकीट आधी दुकानात फुटतं आणि मोबाइल यांच्या खिशात असतो.

पुष्पा


परतूर, २४ जानेवारी २००६

आक्का,

एवढ्या मेहनतीनं सूचना लिहिल्या, तर त्या तू साहेबरावाला दाखवल्यासुद्धा नाहीस. उलट टपाली वर मोठ्या अक्षरात एकच ओळ: "त्या कोपऱ्यावर तुझं डोकं कितीदा आपटलं?"

एकदाच आपटलं. झालं समाधान? एकदाच.

तुझी ही खोड लहानपणापासूनची आहे. दुसऱ्याच्या ताटावरचं झाकण उचलून बघायचं. मी दोन दिवस रागात होते. मग खैरुनबीनं ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "बहन है तेरी. झूट काहेकू बोलती तिच्याशी?" तर ऐक आता. तूच मागितलंस.

मला जहाज लागलं. पहिल्या दिवसापासून पोटात ढवळत होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबाबरोबर जेवण होतं. यांना जिल्ह्याची एजन्सी पाहिजे, म्हणून हे मुद्दाम साहेबाशेजारी बसले आणि मला त्याच्या समोर बसवलं. मी सांगत होते, मला खोलीवर जाऊ द्या. यांनी टेबलाखालून माझ्या पायावर बूट ठेवला. मग काय व्हायचं ते झालं. टेबलावर, साहेबाच्या बुटांवर. साहेब बिचारा बूट पुसत राहिला, पण आपलेच दुकानदार हसायला लागले. एकजण म्हणाला, "बद्रीशेठ, वहिनीला खताचा डोस जास्त झाला वाटतं." हेही हसले. यांचं ते हसू मी ओळखते.

घरी असतं तर मला माहीत आहे काय करायचं ते. आमची परसातली न्हाणी तू पाहिलीस ना? पत्र्याचं दार, आतून लोहारानं ठोकलेली जाड कडी. यांचा हात उठला की मी न्हाणीत पळते, कडी लावते आणि धुण्याच्या दगडावर बसून राहते. हे दोन-चार लाथा पत्र्याला घालतात. पलीकडून खैरुनबी भिंतीवर बत्ता ठोकायला लागते. मग यांना लाज म्हण, कंटाळा म्हण, काहीतरी येतं आणि हे दुकानात जातात. माझा संसार त्या कडीवर टिकलाय, आक्का. मंगळसूत्रावर नाही.

जहाजावरही, खोलीत आल्यावर, पाय आपोआप बाथरूमकडंच गेले. पहिल्या फटक्यात मी उंबऱ्यावरून मागं आत पडले, तशीच उठले, दार ओढलं, बटण फिरवलं आणि संडासाच्या झाकणावर बसले. वाटलं, वाचले. बाहेर शांत होतं. लाथ नाही, शिवी नाही. आणि मग ते बटण माझ्यासमोर आपोआप फिरलं.

त्या कुलपाला बाहेरून खाच असते. नाणं घालून फिरवलं की उघडतं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर काढता यावं म्हणून. माझ्या भल्यासाठीच केलेलं आहे ते.

हे आत आले. हातात तिथलं नाणं होतं. म्हणाले, "इथं कोन बत्ता ठोकनार हाय?" मी पडदा धरला, तो हातात आला. केस धरून एकदा कोपऱ्यावर, ते तुला कळलंच आहे. मग खाली पडल्यावर लाथा. तिथल्या संडासाचं बटण दाबलं की असा मोठा आवाज होतो की कानठळ्या बसाव्यात. मी ओरडले की हे ते बटण दाबायचे. पुन्हा ओरडले की पुन्हा दाबायचे. शेवटी मीच ओरडायचं थांबले.

दुसऱ्या दिवशी सेलूच्या दुकानदाराच्या बायकोनं माझा डोळा पाहून विचारलं. मी म्हणाले, बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले. तिनं नुसती मान हलवली. "फार वंगाळ उंबरा हाय तो," म्हणाली. तिलाही तो माहीत असावा.

तुझ्या पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंयस, पोरबाळ नाही तर अडून कशाला बसलीस. आक्का, तू विधवा झालीस तेव्हा लोक तुला भाकरी घेऊन आले. नवरा सोडून आलेलीला कोण भाकरी आणतं? आमची न्हाणी आहे तोवर मी निभावते. तू काळजी करू नको, आणि मला न्यायला दुसऱ्यांदा जीप घेऊन येऊ नको. मागच्या वेळी तू गेल्यावर काय झालं, ते मी तुला कधी सांगितलेलं नाही.

सूचनांचा प्रश्न मिटला. मी उशीर लावते म्हणून यांनी दुकानातल्या मुनीमाकडून लिहून घेतलं: बाथरूममध्ये बादली आणि पाणी घ्यायचा मग ठेवावा. ते मात्र लाखातलं बोलले. शिंतोडे उडवणाऱ्या त्या झारीखाली अंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही.

पुष्पा


परतूर, १२ फेब्रुवारी २००६

आक्का,

न्हाणी पाडली.

यांच्या डोक्यात जहाज शिरलंय. गावात कुणाकडं नाही असं बाथरूम पाहिजे, बराबर जहाजावरच्यासारखं. गुळगुळीत फरशी, आरसा, बसायचा संडास आतच. आणि ते परसात नको, घरातच पाहिजे, मधल्या खोलीच्या पलीकडं. तिथून खैरुनबीची भिंत लांब पडते. ती म्हणाली, "मेरा बत्ता अब किसकू सुनाई देगा?" आणि बांगड्यांची पेटी उचलून उन्हात जाऊन बसली. तिचा चेहरा बघवेना.

कचरू मिस्त्रीनं पत्र्याचं दार बिजागरीतून काढलं तेव्हा मी त्याला म्हणाले, कडी तेवढी मला दे. तो म्हणाला, "गंजून गेलीय वैनी, काय करता तिला?" दिली मात्र. ती मी ज्वारीच्या कणगीत ठेवलीय. नुसती कडी घेऊन काय करणार, दार नको का?

नवीन दाराचं कुलूप यांनी औरंगाबादहून स्वतः आणलं. आतून बटण, बाहेरून खाच. मला बोलावून दाखवलं. जहाजावरचं ते नाणं हे अजून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. खाचेत घालून फिरवलं, पुन्हा फिरवलं. हसत होते. कचरू शेजारी उभा, त्याला वाटलं मालक खूश आहेत.

पण कचरूला एक गोष्ट पटेना.

"मालक, दाराला बाहिरून कडी कुठं बसवू?"

"बाहिरून कशाला? जहाजावर कुठं व्हती?"

"जहाजावर कुत्री नसतील. हितं दार उगडं ऱ्हायलं की मांजर शिरंल, कुत्रं शिरंल. घुशी संडासातून वर येत्यात, त्या घरात हिंडतील. बाहिरून कडी न्हाई तर त्याला दार म्हनत न्हाईत."

"तुला जहाज काय कळतंय? मी पाहून आल्तो. न्हाई म्हन्लं ना!"

कचरूनं थापी उचलली. तो हटवादी माणूस आहे. त्यानं आपल्या हयातीत बाहेरून कडी नसलेलं दार बसवलेलं नाही आणि बसवणारही नाही. परवा हे जालन्याला माल आणायला गेले तेव्हा त्यानं मला विचारलं, "वैनी, लावू का? मालक बोल्ले तर म्हना, मिस्त्री ऐकला न्हाई." मी म्हणाले, माझ्याकडं एक जुनी कडी आहे. कणगीतून काढून दिली. त्यानं रॉकेलनं पुसली, वरच्या बाजूला बसवली आणि दाराचाच रंग तिला दिला. यांनी पाहिली, दोन शिव्या कचरूच्या नावानं घातल्या आणि विसरून गेले. यांचं सगळं लक्ष त्या खाचेकडं आहे.

मी तुला हे लिहितेय, पण डोक्यात दुसरंच चाललंय. आता पळायचं कुठं? मोठी पेटी असती तर पेटीत बसले असते.

तुझ्या नव्या घराचं दार मी पाहिलेलं नाही. त्याला आतून कडी आहे का, आक्का? सहज विचारते.

पुष्पा


परतूर, २८ फेब्रुवारी २००६

आक्का,

डाव्या हातानं लिहितेय. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरला सांगितलं, फरशी गुळगुळीत आहे, घसरले. तो म्हणाला, जहाजासारखं बाथरूम केलंत म्हणे.

बटण फिरताना मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. हाताच्या घामानं निसटलं. मग दार उघडून यांनी माझा हात चौकटीवर ठेवला आणि दार लावलं. एकदा लावलं, मग पुन्हा लावलं. दार बाहेर उघडतं, जहाजावरच्यासारखं. बाहेरून जोर चांगला लागतो.

खैरुनबीला काही ऐकू आलं नाही. मी प्लॅस्टर घालून आले तेव्हा तिनं माझ्या दुसऱ्या हातातल्या बांगड्या काढून घेतल्या. फुटून लागतात म्हणून.

तुझं उत्तर मिळालं. "आतून आहे, बाहेरूनही आहे." एवढंच लिहिलंस. बरं केलंस. ते पाकीट मी पोलक्यात ठेवलंय.

पुष्पा


बदनापूर, ६ मार्च २००६

आक्का,

तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय. शेजारीण म्हणाली, तू केंद्राच्या शेतावर हरभरा काढायला गेली आहेस, दिवेलागणीला येशील. साहेबराव ऑफिसच्या कामानं औरंगाबादला गेलाय. तिनं पाणी दिलं. माझ्याकडं बघून कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. तुझ्यासारखीच आहे बाई मी दिसायला, की तू सांगून ठेवलं होतंस?

काल टूरवाल्यांचा फोन आला. बादली आणि मग पसंत पडले. खरंच सांगते. सगळ्या प्रवाशांतून आमची सूचना निवडली. नवरा दुकानातून पेढे घेऊन आला, गल्लीत वाटले, एक माझ्या तोंडात घातला. म्हणाला, "पुढच्या म्हैन्यात पुन्हा जहाज. आन या टायमाला ओकलीस न, तर तिथंच पान्यात ढकलून दीन. एवढ्या पान्यात कोन हुडकनार हाय तुला?" बाजूला कचरू पेढा खात होता. त्याला वाटलं, मालक थट्टा करून राह्यले. मला कळलं की थट्टा नाही. म्हणताना तो हसत नव्हता.

पेढा मी गिळला.

आज सकाळी तो अंघोळीला गेला. सदरा खुंटीला होता, नाणं सदऱ्यात. मी चहा टाकला होता. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि मी उठले. मी काही ठरवलं होतं असं समजू नको, चहा उतू गेला तोसुद्धा मला दिसत होता. दाराजवळ गेले आणि वरच्या कडीला हात लावला. रंगानं चिकटून बसली होती. करकरली. आत पाणी थांबलं.

"काय करून राह्यली गं तिथं?"

त्यानं दार ढकललं. वीतभर उघडलं आणि त्याची बोटं कडेवर आली. मी खांदा लावून दार लोटलं. बोटं चौकटीत अडकली. तो ओरडला. तेव्हा सोडता आलं असतं, आक्का. मी पाय मागं घेतला आणि प्लॅस्टरच्या हातासकट सगळं अंग पुन्हा दारावर घातलं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो माझ्या हाताचा नव्हता. त्यानं बोटं आत ओढली, चौकटीवर रक्ताचा ओघळ राहिला, आणि मी कडी सरकवली. न्हाणीतली माझी कडी, बराबर बसली.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या घरात मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तो लाथा घालत होता. कचरूनं दार सागवानी बसवलंय, पत्र्याचं नाही. आधी शिव्या. मग, "पुष्पे, बोट तुटलं गं, रगत थांबंना." मग आई-बापाचा उद्धार, तुझाही. बटण फिरवत होता, खडखड ऐकू येत होती. आतून कुलूप उघडंच होतं बिचारं, त्याचा काही दोष नव्हता. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मग वाटलं, याला जे बोलायचं ते मी रोजच ऐकते, आज गाडी चुकेल.

चहाची चूल विझवली. त्याच्या खिशातलं नाणं घेतलं. बाकी काही घेतलं नाही, लुगडंसुद्धा नाही, तुझं एखादं देशील. खैरुनबीकडं गेले. तिला एवढंच म्हणाले, बाहेरून कडी लावलीय. ती चुलीपुढून उठली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि म्हणाली, "तू जा. गाडी निकले बाद मैं कडी काढती. तब लग मैं बहिरी." मग माझ्या डाव्या हातात तिनं लाखेच्या दोन बांगड्या घातल्या. म्हणाली, "ये नहीं फुटती."

तो आता बाहेर आला असेल. दवाखान्यात जाईल, हातावर पट्टी बांधून घेईल, आणि मग त्याला माझी आठवण येईल. इथला पत्ता त्याला ठाऊक आहे. जहाजावर न्यायला माणूस पाहिजे त्याला. तो येईल, आक्का, खोटं कशाला सांगू. तू म्हणाली होतीस राहायला ये, पण माझ्यामागं काय येतंय ते मी आल्याआल्या सांगून ठेवते. नको वाटलं तर आज रात्रीच सांग, परत परतूरला नेणारी परभणीकडची गाडी सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसेन.

इथवर ओट्यावर लिहिलं. मघाशी रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला. दुसऱ्याच कुणाची होती, पण माझे पाय उठले. तुझ्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. ती काढून आत आले आणि आतली लावली. चांगली जाड आहे. मग ते नाणं दाराला वर, खाली, बिजागरीपाशी, सगळीकडं लावून पाहिलं. कुठंच बसत नाही.

तुझ्या डब्यातली शिळी भाकर आणि ठेचा खाल्ला. चूल पेटवायची होती, पण धूर दिसेल म्हणून पेटवली नाही.

हे पत्र दाराखालून बाहेर सरकवते. उंबऱ्यावर पांढरं काही दिसलं तर उचल आणि उजेड आहे तोवर तिथंच उभी राहून वाच. मी राहायला आलेय. दार ठोकू नको, आक्का. नुसती हाक मार.

पुष्पा